तीनशे शब्दांचा निबंध पुरेल का?

निबंध म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर' वगैरे. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजीचा निबंध मी स्वतः लिहायचे आणि मराठीचा आई पाठ करून घ्यायची. पण मे २०२४ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राला एका वेगळ्याच निबंधाची ओळख झाली. विषय होता रस्ते अपघात, शब्दमर्यादा तीनशे!

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने एका मोटरसायकलला उडवलं. मोटरसायकलवरचे दोघेही गेले. एक मुलगा, एक मुलगी. दोघेही चोवीस वर्षांचे, दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले इंजिनिअर. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट ही की, रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा. लोक खवळले. मग मंडळाने आदेश बदलला, मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, जून महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. मध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण बाहेर आलं, डॉक्टरांना अटक झाली, वडिलांना अटक झाली. हे सगळं आपण पेपरात वाचलंच आहे.

तेव्हा आपण सगळे त्या निबंधावर हसलो, जोक फॉरवर्ड केले. मला मात्र एक प्रश्न अजून छळतो. तो मुलगा तेव्हा नुकताच बारावी झाला होता. बारा वर्षं शाळेत गेलेल्या मुलाला रस्त्याबद्दल दोन शब्द लिहायला सांगायची वेळ दोन माणसं गेल्यावर का यावी? ते आधी कोणी का सांगितलं नाही? आणि खरं सांगा, तुम्हा-आम्हाला तरी कोणी सांगितलं होतं?

आधी थोडे आकडे बघू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. भागाकार करा, दिवसाला जवळजवळ ४६२. म्हणजे आपल्या हॉस्टेलसारखी एक-दोन हॉस्टेलं रोज रिकामी होतात! त्यात महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ चा. देशातल्या मृतांपैकी साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात ५ ते २९ या वयाच्या लोकांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण रस्ते अपघात आहे. आपण हार्ट अटॅकला घाबरतो, कॅन्सरला घाबरतो. आपल्या वयाला सगळ्यात जास्त धोका आपल्याच पार्किंगमध्ये स्टँडवर उभा आहे, त्याला आपण प्रेमाने धुतो-पुसतो.

आता जरा आपल्या कोपरखैरण्यात या. संध्याकाळी क्लासेस सुटायच्या वेळी कुठल्याही सेक्टरमध्ये उभं राहा. दहावी-अकरावीची मुलं पप्पांची नाहीतर ताईची स्कूटर घेऊन येतात. एका गाडीवर तिघं, सॅक पुढे पायाशी, हेल्मेट असलंच तर आरशाला लटकवलेलं. तीन टाकीकडे जाताना राँग साइडने घुसायचं, कारण यू-टर्न लांब पडतो. तिथून थोडं पुढे गेलं की ठाणे-बेलापूर रोड. त्यावर एमआयडीसीचे टँकर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस. ट्रेलरच्या ड्रायव्हरला त्याच्या डाव्या बाजूला चिकटून चाललेली स्कूटर दिसतच नाही, हे त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, मला ट्रेलर दिसतोय म्हणजे ट्रेलरवाल्यालाही मी दिसतोय.

आणि त्या मुलांवरच कशाला बोट दाखवायचं? सबमिशन संपलं की रात्री एक वाजता 'पाम बीचला एक राउंड मारून येऊ' हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये कोणी ऐकलं नाही असं होणार नाही. रेक्टर सर हे वाचत असतील तर त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल!

शाळांमध्ये काहीच शिकवत नाहीत, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांमध्ये आर.एस.पी. असते, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल. मी आठवी-नववीत त्यात होते. शिट्टी, कडक युनिफॉर्म, २६ जानेवारीची परेड. ट्रॅफिक पोलीस हात कसे दाखवतो ते आम्हाला झोपेतसुद्धा येत होतं. शाळा सुटल्यावर छोट्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम आम्ही मनापासून केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आम्हाला जे शिकवलं ते रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्याचं शिक्षण होतं. दोन वर्षांनी त्यातलीच निम्मी मुलं गाडीवर बसली, आणि गाडीवर बसणाऱ्याचं शिक्षण कुठेच नव्हतं. वेग म्हणजे काय, ब्रेक लावला की गाडी किती मीटरवर थांबते, मागे मित्र बसला की आपलं डोकं कसं फिरतं, यावर एक तासही नाही. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह येतो, २०२१ पासून तर महिनाही पाळला गेला. पोस्टर स्पर्धा होते, स्लोगन स्पर्धा होते, बक्षिसं वाटतात. बक्षीस मिळालेलं पोरगं ट्रिपल सीट घरी जातं!

कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं. आता बाजारात ५० सीसीची गाडी शोधून सापडत नाही. सगळ्या स्कूटर शंभरच्या वरच्या. म्हणजे सोळा-सतरा वर्षांचं जे मूल पेट्रोलची स्कूटर चालवताना दिसतं, ते जवळजवळ नक्की कायद्याबाहेर असतं. इलेक्ट्रिक स्कूटरचाही असाच घोळ आहे. ताशी २५ किमीच्या आतली आणि २५० वॉटपर्यंतची असेल तरच लायसन्स लागत नाही. पण पालकांच्या डोक्यात बसलंय की 'बॅटरीची आहे ना, मग चालते'. नाही चालत!

२०१९ मध्ये या कायद्यात १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. विचार करा, इंजिनिअरिंग होऊन साइटवरची नोकरी लागली, कंपनीने विचारलं 'टू-व्हीलर लायसन्स आहे का?' तर काय उत्तर देणार? हे कलम किती आई-वडिलांना माहीत आहे? माझ्या ओळखीच्या दहा काकूंना विचारलं तर दहाही म्हणतील, 'अगं, इथल्या इथे तर जातो तो.'

आता आपण इंजिनिअर लोक. फर्स्ट इयरला मेकॅनिक्स सगळ्यांनीच घासलंय, काहींनी दोन-दोनदा. मग तेच इथे लावून बघू. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ताशी ६० म्हणजे जवळजवळ १७ मीटर. समोर कोणी आडवं आलं की ते दिसून, कळून, हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. रस्ता कोरडा, घर्षणाचा गुणांक ०.७ धरा. चाळीसने जाणारा दीड सेकंदात १७ मीटर जातो, मग ब्रेक लागून आणखी ९ मीटर. एकूण २६ मीटरवर गाडी उभी. साठने जाणारा दीड सेकंदात २५ मीटर जातो आणि मग ब्रेक लागून २० मीटर, एकूण ४५. नीट बघा हं. ज्या जागी चाळीसवाला थांबून शिव्या देत उभा असतो, त्या जागी साठवाल्याने ब्रेक नुकताच दाबलेला असतो. त्याचा वेग अजून जवळपास साठच असतो! फरक वीस किमीचा वाटतो, पण समोरच्या माणसासाठी तो घाबरणं आणि मरणं एवढा आहे. पावसाळ्यात गुणांक ०.४ वर आला की हेच ४५ मीटर ६० मीटर होतात. आणि नवी मुंबईचा पावसाळा आपल्याला माहीत आहे.

अजून एक गणित. ताशी ४० ने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ताशी ६० म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. हॉस्टेलच्या टेरेसच्या कठड्यावर उभं राहायला आपण घाबरतो. पण साठने हेल्मेट न घालता जाताना आपल्याला वारा छान लागतो! हेल्मेटच्या आतलं थर्माकोल दिसायला फालतू दिसतं, पण ते चिरडतं म्हणून कवटी चिरडत नाही. डोकं थांबायला जो क्षण मिळतो तो थोडा लांबवणं, एवढंच त्याचं काम. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये घेतला गेला. त्यात हेल्मेटने मोटरसायकलवाल्यांच्या मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो असं निघालं. मग रस्त्याच्या कडेला मिळणारी दीडशे रुपयांची टोपी कशाला? ती पोलिसाला दाखवायची असते. डोक्यासाठी आयएसआय मार्कचं हेल्मेट लागतं, आणि ते मागे बसणाऱ्यालाही लागतं. मुलींनो, स्कार्फ हे हेल्मेट नाही, हे मी स्वतः मुलगी म्हणून सांगते.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, 'ठीक आहे, शिकवा मग! शाळेत एक विषय वाढवा, संपलं.' इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. या विषयावर वाचताना मला सगळ्यात मोठा धक्का इथेच बसला. अमेरिकेत हायस्कूलमध्ये गाडी शिकवायची पद्धत फार जुनी. १९७० च्या दशकाच्या शेवटी जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब काउंटीत सुमारे १६,००० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. काहींना भरपूर प्रशिक्षण, काहींना थोडं, काहींना काहीच नाही. सुरुवातीचे काही महिने सोडले तर अपघातांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. उलट शाळेत शिकवलं की मुलं लायसन्स लवकर काढतात, लवकर रस्त्यावर येतात, आणि अपघात वाढू शकतात, असं नंतरच्या आढाव्यांमध्ये दिसलं. नॉर्वेत नवीन ड्रायव्हरना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवलं, तर तरुण मुलांचे अपघात वाढले. का? कारण त्यांना वाटायला लागलं, 'आपल्याला येतं!' आपल्याकडेही 'माझा कंट्रोल आहे रे' म्हणणारा प्रत्येक विंगमध्ये एक असतोच.

म्हणजे शिकवायचं नाही का? शिकवायचं, पण काय शिकवायचं ते बदलायला हवं. गाडी कशी पळवायची, कशी वळवायची हे पोरं आपोआप शिकतात. शिकवायला हवा तो धोका ओळखायचा आणि स्वतःला न फसवायचा. आणि नुसत्या शिकवण्यावर न थांबता सोबत नियमही हवेत. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत आणली. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित लायसन्स असताना रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने चालवायचं नाही आणि मित्रांना बसवायचं नाही. तरुणांचे अपघात कमी झाले, मग हीच पद्धत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेने उचलली. यामागचं कारण साधं आहे. त्या वयात रात्र आणि मित्र या दोन गोष्टी एकत्र आल्या की डोकं कमी चालतं. एकटा असताना सिग्नलला थांबणारा मुलगा मागे दोन मित्र बसले की तोच सिग्नल तोडतो. कल्याणीनगरची वेळ आठवा, पहाटे अडीचची. आपल्याकडे मात्र घरबसल्या आधार कार्डवर शिकाऊ लायसन्सची परीक्षा द्या, महिन्याने टेस्ट द्या, आणि त्याच रात्री तीन मित्रांना घेऊन एक्स्प्रेस-वेवर जा. कोणी अडवणार नाही.

'मुलांनाच काय शिकवता? रस्त्यावरचे खड्डे कोण बुजवणार?' असंही काही जण म्हणतील. शंभर टक्के बरोबर! मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेचंच उदाहरण घ्या. तिथे २०१६ मध्ये वर्षाला दीडशेच्या आसपास माणसं मरत होती. मग सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस यांनी मिळून एकेक अपघाताची जागा तपासली, कठडे आणि दुभाजक सुधारले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, मदत लवकर पोहोचायची सोय केली. तीन वर्षांत मृत्यू शंभरच्या खाली आले. माणसाचा स्वभाव बदलायची वाट न बघता रस्ता बदलला, आणि ते इंजिनिअरिंगचं काम होतं. म्हणून सिव्हिलवाल्यांनी माझ्यावर रागावू नये, निम्मं काम तुमचंच आहे. पण खड्डा आहे म्हणून हेल्मेट घालायचं नाही, हे लॉजिक मला कळत नाही. खड्डा आहे म्हणून तर घालायचं!

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. रात्री नऊला क्लास सुटतो, बस येत नाही, रिक्षावाला येत नाही म्हणतो, मग पोराने करायचं काय? या आई-वडिलांना बेजबाबदार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांची अडचण खरी आहे. पण नवी मुंबई हे सिडकोने आखून बांधलेलं शहर आहे, सेक्टरमध्ये चालत शाळेत जाता यावं अशा हिशोबाने. तिथे सोळा वर्षांच्या मुलाला दीड किलोमीटरसाठी बेकायदा स्कूटर लागत असेल तर फुटपाथवरच्या गाड्या कोणी हटवायच्या, क्लास सुटायच्या वेळेला एनएमएमटीची बस कोणी मागायची, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. स्कूटरची चावी देणं हे त्या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर वाटतं. ते स्वस्त असतं फक्त काही झालं नाही तोपर्यंत.

आता आपल्या कॉलेजने काय करावं? नुसतं भाषण ठोकून जाणं बरं नव्हे, म्हणून चार गोष्टी सुचवते.

पहिली, फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये तीन तास भाषणं होतात, त्यातले दोन तास रस्त्याला द्या. ग्राउंडवर खडूने रेघा मारा. लायसन्स असलेल्या आणि हेल्मेट घातलेल्या एखाद्या सरांना वीस आणि तीसच्या वेगाने येऊन ब्रेक लावायला सांगा, टेप लावून अंतर मोजा. मग मुलांनी साठचं अंतर कागदावर काढावं आणि तेवढं चालत जाऊन बघावं. हे प्रॅक्टिकल कोणी विसरणार नाही.

दुसरी, पार्किंगचा स्टिकर लायसन्स दाखवल्याशिवाय मिळू नये आणि हेल्मेटशिवाय गाडी गेटच्या आत येऊ नये. हा नियम स्टाफलाही लागू असावा. सर, मॅडम, राग मानू नका, पण तुम्हाला हेल्मेट न घालता गेटमधून आत येताना दोनशे मुलं बघतात. तुमच्या लेक्चरपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

तिसरी, सिव्हिलच्या मुलांनी आपल्या कॉलेजच्या आसपासच्या धोक्याच्या जागांचा नकाशा प्रोजेक्ट म्हणून करावा. कुठे गाड्या घसरतात, कुठे राँग साइड चालते, कुठे दिवा नाही. तो नकाशा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना द्यावा, आणि पुढच्या बॅचने काय झालं ते विचारावं. दरवर्षी तेच ते होम ऑटोमेशन करण्यापेक्षा हे बरं!

चौथी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. आपण आजूबाजूच्या शाळांमध्ये, ज्युनिअर कॉलेजांमध्ये जाऊन नववी ते बारावीच्या मुलांशी बोलावं. त्यांना पोलीसकाका सांगतात तेव्हा ती मान डोलावतात, आई सांगते तेव्हा ती वैतागतात. चार वर्षांनी मोठा दादा किंवा ताई सांगते तेव्हा ऐकतात. त्यांना वेगाचं गणित सांगू, १९९-अ सांगू. मागे बसलेल्याने 'थांबव, मी उतरतो' म्हणणं हा भित्रेपणा नाही हे सांगू. अपघात दिसला तर व्हिडिओ न काढता १०८ ला फोन करायचा, आणि मदत करणाऱ्यावर पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत असा कायदा आहे, हेही सांगू. पालकसभेलाही जाऊ. काकूंना ते पंचवीस वर्षांचं कलम एकदा वाचून दाखवलं तरी पुष्कळ चाव्या कपाटात जातील.

यातल्या कशालाही मोठं बजेट लागत नाही. फेस्टला डीजेवर आपण जेवढे पैसे उडवतो त्याच्या पावभर पैशांत हे होईल. एनएसएसचं युनिट आहे, ग्राउंड आहे, टेप आहे, खडू आहे. लागतात ती थोडी माणसं. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमासाठी यंदा पोस्टर स्पर्धा ठेवण्याऐवजी एका शाळेपासून सुरुवात करू या. ज्यांना यायचं असेल त्यांनी एनएसएसच्या फळ्यावर ब्रँच आणि नाव लिहावं. मी माझं नाव आधीच लिहून ठेवलं आहे, त्याच्या खाली भरपूर जागा आहे.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल, मुलींचं वसतिगृह